पांढरी मुळी आणि युरियाची गोणी

कांद्याची लागवड होऊन आठ-दहा दिवस झाले की शिवारात एक ठरलेला प्रश्न ऐकू येतो : ‘मुळी चालली का?’ रोप उपटून पाहिल्यावर नवी पांढरीशुभ्र मुळी दिसली, तर शेतकरी निर्धास्त होतो. मुळीची टोके तपकिरी, आखूड, जळाल्यासारखी दिसली आणि पात शेंड्याकडून वाळू लागली, तर तो कृषी सेवा केंद्राची वाट धरतो. तिथे निदान होते ‘मर’ किंवा ‘मूळकुज’. मग बुरशीनाशकाची आळवणी, पांढरी मुळी सुटावी म्हणून ह्युमिक, आणि पिकाने उभारी धरावी म्हणून वर थोडा युरिया, अशी चिठ्ठी हातात पडते.

बुरशी असेल तर बुरशीनाशक योग्यच. पण प्रत्येक वेळी तो रोग नसतो. काही वेळा ती चक्क विषबाधा असते. विष असते अमोनियाचे आणि तो तयार झालेला असतो पिकाच्या भल्यासाठी टाकलेल्या खतातून. विषबाधा झालेल्या रुग्णाला जंतूंवरचे औषध द्यायचे आणि सोबत त्याच विषाची आणखी एक मात्रा द्यायची, असे दवाखान्यात घडले तर त्याला निष्काळजीपणा म्हणतात. शेतात ते घडते तेव्हा त्याला ‘उत्पादन खर्च’ म्हणतात.

घोडेगावहून डिंभे धरणाकडे जाताना लागणारे शिनोली हे गाव हा प्रश्न समजून घ्यायला सोयीचे आहे. गावाच्या पश्चिमेला भीमाशंकरची डोंगररांग, भरपूर पाऊस आणि आदिवासी पट्ट्यातली भातखाचरे. पूर्वेला मंचरच्या दिशेने सरकत गेले की कांदा, बटाटा, ऊस, मेथी-कोथिंबीर. पलीकडे जुन्नर तालुक्यात नारायणगावच्या बाजाराला जाणारा टोमॅटो. दोन्हीकडे जाणारी युरियाची गोणी मात्र एकच असते. भाताला ती मानवते, कांद्याला मानवेलच असे नाही. फरक खताच्या कंपनीत नसतो. तो जमिनीत आणि मुळात असतो.

यकृत जे करते, त्याच्या उलट

युरिया स्वतः फारसा विषारी नाही. माणसाच्या रक्तात तो कायम असतो आणि लघवीवाटे बाहेर पडतो. प्रथिने पचताना शरीरात अमोनिया तयार होतो. तो मेंदूला घातक असल्याने यकृत त्याचे युरियात रूपांतर करते. हे चक्र हान्स क्रेब्स आणि कुर्ट हेन्सेलाइट यांनी १९३२ मध्ये उलगडले. यकृत निकामी झालेल्या रुग्णाच्या रक्तात अमोनिया साचतो, तो असंबद्ध बोलू लागतो, हात पसरले की पंजे फडफडतात आणि पुढे तो बेशुद्धीत जातो. सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात हे चित्र नवे नाही.

जमिनीत नेमके उलटे घडते. मातीतल्या असंख्य सूक्ष्मजीवांकडे आणि कुजणाऱ्या पालापाचोळ्यात ‘युरिएज’ नावाचे विकर असते. ओलावा मिळाला की ते युरिया फोडून त्याचा पुन्हा अमोनिया करते. उबदार, ओल्या मातीत गोणीतल्या बहुतेक युरियाचे हे रूपांतर आठवडाभरात होऊन जाते. म्हणजे गोणीत अमोनिया नसतो, पण मुळाशी पोहोचेपर्यंत तो झालेला असतो. अमोनियम सल्फेट आणि डीएपी यांत तर तो अमोनियमच्या रूपात आधीपासूनच असतो.

इथे ‘अमोनिया’ आणि ‘अमोनियम’ यांतला फरक महत्त्वाचा आहे. अमोनियम हा विद्युतभारित कण. तो मातीच्या कणांना चिकटून राहतो आणि पेशीत शिरायला त्याला दार लागते. अमोनिया हा वायू. तो पेशीच्या पातळ आवरणातून दार न ठोठावता आत जातो. या दोन्हींचे प्रमाण ठरवतो सामू, म्हणजे माती आम्ल आहे की विम्ल याचे माप. सामू ७ असताना दर २०० कणांमध्ये जेमतेम एक अमोनिया असतो. सामू ८ झाला की हे प्रमाण सुमारे ५ टक्क्यांवर जाते आणि ९ झाला की एक तृतीयांशाच्या वर.

याच गणितावर दवाखान्यातले एक उपचार उभे आहेत. यकृताच्या रुग्णाला लॅक्टुलोज हे गोड पातळ औषध देतात. त्याने मोठ्या आतड्यात आम्लता वाढते, अमोनियाचे अमोनियम होते आणि ते रक्तात न जाता शौचावाटे निघून जाते. युरियाचे पाणी प्यालेल्या गाय-बैलाला पशुवैद्य व्हिनेगर पाजतात, तेही याच कारणाने. जिथे आम्लता आहे तिथे अमोनिया कोंडला जातो. जिथे ती नाही तिथे तो मोकाट सुटतो.

आता शेताकडे पाहावे. महाराष्ट्राच्या पठारावरच्या काळ्या, चुनखडीच्या जमिनींचा सामू बहुधा ७.५ ते ८.५ असतो. त्यात युरिया विरघळताना दाण्याभोवतीची माती काही दिवस आणखी विम्ल होते. तिथला सामू ९ च्या आसपास जाऊ शकतो. म्हणजे जमिनीचा स्वभाव आधीच गरम आणि त्यात खताने तात्पुरती आणखी भर घातलेली. दाण्यापासून बोटभर अंतरावर नुकतीच फुटलेली मुळी असेल, तर तिची गाठ खताशी पडण्याआधी वायूशी पडते.

मुळाच्या आत काय होते

मुळीचे टोक हा तिचा सर्वांत जिवंत आणि सर्वांत नाजूक भाग. अमोनिया आत शिरला की पेशीतला आम्ल-विम्लाचा तोल बिघडतो, वाढ थांबते आणि टोक तपकिरी पडते. आडव्या उपमुळ्या फुटण्याआधीच करपतात. शेजारी विरघळलेल्या खताचा खारेपणा असेल तर मुळातले पाणीही ओढले जाते. शेतात ओल असूनही रोप दुपारी मान टाकते ते यामुळे.

हा झाला तातडीचा घाव. दुसरा संथ असतो. अमोनियम मुळात फार काळ साठवून ठेवता येत नाही. त्याचे लगेच अमिनो आम्लांत रूपांतर करावे लागते आणि त्यासाठी पानांनी बनवलेली साखर खर्ची पडते. नायट्रेटचे तसे नाही. ते झाड साठवू शकते, पानांपर्यंत पोहोचवून सवडीने वापरू शकते. अमोनियम गरजेपेक्षा जास्त आले की काही पिकांची मुळे ते आत घेतात आणि पुन्हा बाहेर फेकतात. बार्लीच्या मुळांवरच्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसले आहे. फुटक्या होडीतले पाणी उपसत राहावे तशी ही मेहनत : ताकद जाते आणि होडी जागच्या जागी राहते. उन्हाळ्यात माती तापते तेव्हा मुळाची साखर श्वसनातच अधिक संपते आणि हा भार जास्त जाणवतो.

शिवाय अमोनियमची गर्दी झाली की पोटॅशियम, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांना आत शिरायला वाव कमी मिळतो. टोमॅटोच्या फळाचा बुडखा काळा पडून सडतो, तेव्हा जमिनीत चुना असूनही फळापर्यंत कॅल्शियम पोहोचलेले नसते. त्याची कारणे अनेक, मुख्यतः पाण्याची अनियमितता. पण अमोनियमचा अतिरेक हे त्यांपैकी एक आहे.

भात वेगळा का? भातखाचरातल्या चिखलात प्राणवायू नसतो, त्यामुळे अमोनियमचे नायट्रेट होण्याची क्रिया जवळपास थांबलेली असते. हजारो वर्षे अशा जमिनीत वाढलेल्या भाताला अमोनियमची सवय आहे. ते पचवायची यंत्रणा त्याच्या मुळात आहे. म्हणूनच डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भातशेतीत युरिया-डीएपीच्या गोळ्या चार चुडांच्या मधोमध चिखलात खोल खोचल्या जातात आणि पीक आनंदाने वाढते. कांद्याची गोष्ट निराळी. त्याची मुळे वरच्या वीतभर मातीत असतात, त्यांना फांद्या कमी आणि केसमुळे तर नाममात्र. खत पडते नेमके तिथेच. पळून जायला त्याला खोली नाही. एकाच गावात भातावर यशस्वी झालेला हात कांद्यावर तसाच चालवला, तर शिक्षा कांद्याला होते.

रोग की विषबाधा?

निदानासाठी प्रयोगशाळा लागतेच असे नाही. डॉक्टर आधी विचारतो तो प्रश्न इथेही पुरतो : ‘हे कधीपासून आणि त्याआधी काय दिले होते?’ खत दिल्यानंतर दोन-चार दिवसांपासून आठवडाभरात लक्षणे दिसली, ती खताच्या ओळीने किंवा जिथे खत जास्त पडले तिथेच दिसली, आणि नंतर पसरली नाहीत, तर संशय खतावर घ्यावा. बुरशीची मूळकुज बहुधा पाणी साचणाऱ्या सखल जागी सुरू होते, दिवसागणिक पसरते, मुळे मऊ पडतात, साल निसटते, कुजका वास येतो. खताने भाजलेली मुळी टोकाकडून सुकी आणि तपकिरी असते, पण खतापासून दूर असलेली मुळी पांढरी आणि धडधाकट असते. म्हणून रोप उपटून टाकण्यापेक्षा खुरप्याने मातीसकट उचलून दोन्ही बाजूंची मुळे पाहावीत.

दोन्ही एकत्रही असू शकतात. जळालेल्या मुळीची जखम बुरशीला दार उघडून देते. पण तेव्हाही मूळ कारण न काढता फक्त बुरशी मारली तर पुढच्या हप्त्याला तेच दुखणे परत येते.

विषबाधाच असेल तर पहिला उपचार म्हणजे विष थांबवणे. नत्राचा पुढचा हप्ता लांबवावा. निचरा चांगला असेल तर स्वच्छ पाण्याची हलकी पाळी द्यावी, म्हणजे खताची तीव्रता उतरते. वाफे तुडुंब भरू नयेत, कारण मुळाला हवाही हवी असते. मग आठ-दहा दिवस थांबून पुन्हा मुळी पाहावी. नवी पांढरी मुळी सुटत असेल तर बाकी कशाचीच गरज नाही. हे थांबणे फुकट असते, म्हणूनच कदाचित कोणी सुचवत नाही.

एकच औषध, तीन नावांनी

तापाची गोळी, सर्दीची गोळी आणि अंगदुखीची गोळी अशा तीन वेगवेगळ्या नावांच्या गोळ्या घेणारा रुग्ण कधी कधी तिन्हींतून पॅरासिटामॉलच घेत असतो आणि यकृत गमावतो. शेतात नत्राचे असेच होते. लागवडीला डीएपी, सोबत एखादे मिश्र खत, वर युरिया आणि त्याआधी टाकलेले कोंबडखत; प्रत्येकाची गोणी निराळी, आतले नत्र एकच.

हिशेब अवघड नाही. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के, म्हणजे जवळपास २१ किलो नत्र असते. डीएपीच्या ५० किलोच्या गोणीत ९ किलो. महात्मा फुले कृषी विद्यापीठाची कांद्याची शिफारस हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद आणि ५० किलो पालाश अशी आहे. एकरी हे नत्र ४० किलो होते. त्यातले निम्मे लागवडीला आणि उरलेले दोन हप्त्यांत, साधारण ३० आणि ४५ दिवसांनी. स्फुरद डीएपीतून दिले तर एकरी सुमारे ४३ किलो डीएपी लागते आणि त्यातूनच ८ किलो नत्र मिळून जाते. मग लागवडीला युरिया उरतो फक्त २६ किलो, पुढे दोनदा २२-२२ किलो. सगळा मिळून दीड गोणीच्या आसपास. ज्याने लागवडीलाच दोन गोण्या फोकल्या आणि वर डीएपीही दिले, त्याने पहिल्याच दिवशी पूर्ण हंगामाहून अधिक मात्रा दिलेली असते, तीही मुळी फुटायच्या आत.

उशिरा दिलेल्या नत्राचा हिशेब तर चाळीत चुकवावा लागतो. साठ दिवसांनंतर युरिया दिला की पात हिरवीगार राहते, कांद्याची मान जाड होते, ती नीट सुकत नाही आणि कांदा साठवणीत सडतो. भाव येईपर्यंत माल टिकवून धरणे हेच ज्याच्या हाती आहे, त्या शेतकऱ्याला हे परवडणारे नाही.

आणि यात ‘रासायनिक म्हणजे विष, सेंद्रिय म्हणजे अमृत’ अशी सोपी वाटणी करून चालणार नाही. ताज्या कोंबडखतातल्या युरिक आम्लापासूनही अमोनियाच तयार होतो आणि मुळीला त्याचे मूळ कोणते हे कळत नाही. कसोटी साधी आहे : खताच्या ढिगाजवळ गेल्यावर नाकाला झोंबत असेल, तर ते मुळालाही झोंबेल. वास जाईपर्यंत ते कुजवावे, मग शेतात न्यावे. उलट बाजूने, युरियाशिवाय या देशाची कणगी भरली नसती, हेही विसरू नये. प्रश्न औषधाचा नाही, मात्रेचा आहे.

मात्रा कोण ठरवते?

शेतकरी अडाणी आहे म्हणून तो जास्त युरिया टाकतो, असे म्हणणे सोपे आणि अन्यायाचे आहे. युरियाची गोणी सुमारे २६६ रुपयांना मिळते. डीएपीची १,३५० ला. पालाश युरियाच्या कितीतरी पट महाग. अन्नद्रव्यांवर आधारित अनुदानाचे धोरण २०१० मध्ये आले, पण युरिया त्याच्या बाहेर ठेवला गेला. तेव्हापासून स्वस्त एकच आणि बाकी महाग, अशी दुकानातली मांडणी आहे. नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे ४:२:१ हे आदर्श मानलेले प्रमाण देशात केव्हाच नत्राकडे झुकले आहे. ज्या दवाखान्यात एकच औषध जवळपास फुकट असेल, तिथे प्रत्येक दुखण्यावर तेच दिले जाईल. इथे मात्रा शिफारस ठरवत नाही, किंमत ठरवते.

त्यात मजुरांची टंचाई. तीन हप्त्यांत खत द्यायचे तर तीनदा माणसे लागतात. कालव्याचे आवर्तन कधी सुटेल याचा भरवसा नसतो. युरिया ऐन गरजेच्या वेळी मिळत नाही आणि मिळतो तेव्हा सोबत दुसरे काहीतरी घेण्याची सक्ती होते. मग हाती आलेली गोणी एकदाच टाकून मोकळे होणे, हा त्याच्या परिस्थितीतला व्यवहार्य निर्णय ठरतो. २०१८ मध्ये गोणी ५० वरून ४५ किलोची केली, कारण शेतकरी किलो नव्हे तर गोण्या मोजतो, हे सरकारने ओळखले होते. ओळखले ते बरोबर. उपाय मात्र गोणी बारीक करण्यावर थांबला.

२०१५ पासूनचे कडुनिंबाचे लेपनही असेच अर्धवट समजावले गेले. ‘निमकोटेड’ म्हणजे सौम्य, अशी समजूत रूढ आहे. निंबाचा मुख्य गुण म्हणजे अमोनियमचे नायट्रेट होण्याचा वेग कमी करणे. त्यामुळे नत्र वाया जाणे घटते. पण नत्र अमोनियमच्या रूपात जास्त दिवस राहते. मुळाला चिकटून टाकलेला युरिया निंबाच्या तेलामुळे निरुपद्रवी होत नाही.

करण्यासारखे बरेच आहे आणि ते महाग नाही. युरियाच्या गोणीवर ‘४६ टक्के’ या आकड्याबरोबर ‘या गोणीत २१ किलो नत्र आहे; बियाण्याला आणि मुळाला चिकटून टाकू नये’ असे ठळक मराठीत छापता येईल. जमीन आरोग्य पत्रिकेवर सामूचा आकडा असतो. त्याखाली ‘तुमच्या जमिनीत युरिया एकदम देऊ नका’ ही ओळ आणि मात्रा किलोऐवजी गोण्यांत लिहिली, तर ती पत्रिका कपाटातून शेतात येईल. कांदा-लसूण संशोधनाची राष्ट्रीय संस्था याच परिसरात, राजगुरुनगरला आहे. तिथले शास्त्र आणि गावातले दुकान यांच्यामधले अंतर किलोमीटरमध्ये फार नाही. आणि अनुदानाचा तोल युरियावरून थोडा पालाशाकडे आणि ठिबककडे वळवणे, हे धोरणकर्त्यांचे काम आहे. ठिबकमधून दर आठवड्याला चमचाभर दिलेले नत्र मुळी जाळत नाही.

शेतकऱ्याच्या हातात आहे ते एवढे : खत बियाण्यापासून किंवा बेण्यापासून निदान पाच सेंटिमीटर बाजूला आणि तितकेच खाली पडावे. सातगाव पठारावर सरीत बटाटा लावताना खत आणि बेणे यांच्यामध्ये मातीचा थर असावा. वरखत वाफशावर द्यावे, मातीआड करावे किंवा लगेच पाणी द्यावे. कोरड्या, तापलेल्या जमिनीवर फोकू नये. एका गोणीचे तीन भाग करावेत.

यात माणसाच्या आरोग्याचाही वाटा आहे. मुळीने न घेतलेले नत्र नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खाली झिरपते आणि उथळ विहिरीत उतरते. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नसावे, असे भारतीय मानक सांगते. त्याहून जास्त असलेले पाणी वरच्या दुधात मिसळले गेले तर तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते आणि ते निळसर पडू शकते. पाणी उकळून नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटते तसे ते दाट होते. म्हणून बागायती गावांत विहिरीच्या पाण्याची तपासणी जंतूंपुरती न ठेवता तिच्यात नायट्रेटचाही समावेश हवा.

रुग्णाला औषध देताना वैद्य चार गोष्टी पाहतो : किती, कधी, कुठून आणि कोणाला. खताच्या बाबतीत हे चारही प्रश्न आजवर शेतकऱ्याच्या एकट्याच्या माथी टाकले गेले आणि उत्तर मात्र गोणीच्या किमतीने दिले. पुढच्या वेळी रोपाची पात वाळलेली दिसली, की दुकानाकडे जाण्याआधी खुरपे घेऊन वाफ्यात बसावे. मुळी दाखवेल ते आधी वाचावे; चिठ्ठी नंतर लिहिता येते.